सुगंधाचे वावडे

आपल्याकडे सुगंधाला मानाचे स्थान आहे. देवघरातील धूप-उदबत्ती, लग्नमंडपात पाहुण्यांच्या मनगटावर लावले जाणारे अत्तर, त्यांच्यावर शिंपडले जाणारे गुलाबपाणी आणि दिवाळीच्या पहाटेचे सुवासिक तेल-उटणे यांच्याशिवाय मंगल प्रसंगाची कल्पनाच करता येत नाही. गेल्या काही दशकांत त्यात परफ्यूम, डिओडरंट आणि बॉडी स्प्रे यांची भर पडली. शिवाय अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर, भांडी घासण्याचे द्रव, फरशी पुसण्याचे फिनाईल, मोटारीत टांगलेली सुगंधी कुपी या साऱ्यांतही सुगंधी द्रव्ये असतात. सकाळपासून रात्रीपर्यंत आपण अशा किती पदार्थांच्या संपर्कात येतो, याची आपल्याला सहसा जाणीवही नसते.

बहुसंख्य लोकांना हा सुगंध सुखावतो. काहींच्या मानेवर, काखेत किंवा पापण्यांवर मात्र पुरळ उठते, त्वचा खाजते, लस येते, पापुद्रे सुटतात. घरातील वडीलधारी मंडळी 'पित्त उठले' किंवा 'उष्णता झाली' असे निदान करतात. वांगी, अंडी, शेंगदाणे बंद होतात. औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणले जाते, पुरळ मावळते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येते. हा फेरा कित्येकदा वर्षानुवर्षे चालतो. रोजच्या वापरातील अत्तराच्या कुपीवर कोणाचा संशय जात नाही. कारण तीच कुपी पाच-सात वर्षे विनातक्रार वापरलेली असते. प्रत्यक्षात सुगंधाच्या अॅलर्जीचे हेच वैशिष्ट्य आहे.

एकाच नावाखाली चार तक्रारी

'मला सेंटची अॅलर्जी आहे' या एका वाक्यामागे किमान चार वेगवेगळ्या तक्रारी असू शकतात. त्यांची कारणे भिन्न, तपासण्या भिन्न आणि उपायही भिन्न असल्याने हा भेद समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली तक्रार खऱ्या अर्थाने अॅलर्जीची. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या सुगंधी रेणूला शत्रू मानते आणि त्याचा स्पर्श झाला, की त्या जागी इसब उमटतो. डॉक्टर याला 'अॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मॅटायटिस' म्हणतात. मराठीत त्याला स्पर्शजन्य इसब म्हणता येईल.

दुसरी तक्रार निव्वळ दाहाची. नुकतीच दाढी केलेल्या गालावर आफ्टरशेव्ह लावले किंवा केस काढल्यानंतर लगेच काखेत डिओडरंट फवारले, तर त्यातील अल्कोहोल झोंबते आणि त्वचा लाल होते. येथे अॅलर्जीचा संबंध नसतो. त्वचा सोललेली आणि पदार्थ तीव्र असेल, तर हा त्रास कोणालाही होऊ शकतो.

तिसरी तक्रार सुगंधी द्रव्य आणि सूर्यप्रकाश यांच्या संयोगातून उद्भवते. चौथी त्वचेची नसून श्वसनमार्गाची व चेतासंस्थेची असते. शिंका, खोकला, दम लागणे, डोके दुखणे ही तिची लक्षणे.

याखेरीज क्वचित काही जणांना सुगंधी द्रव्याच्या स्पर्शाने काही मिनिटांतच गांधी उठतात. लोक ज्याला पित्त म्हणतात ते हेच. गांधी आणि इसब यांतील फरक घरच्या घरीही ओळखता येतो. एक गांध सहसा २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता नाहीशी होते. इसब मात्र दिवसेंदिवस टिकतो, लस धरतो आणि खपली धरून सुकतो.

प्रतिकारशक्तीची स्मरणशक्ती

सुगंधी द्रव्यांचे रेणू आकाराने अतिशय लहान असतात. त्यामुळे ते त्वचेच्या बाह्य थरातून सहज आत शिरतात आणि तेथील प्रथिनांना चिकटतात. त्वचेतील पहारेकरी पेशी ही अनोळखी जोडी जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत नेतात. तेथे 'टी' प्रकारच्या पांढऱ्या पेशींना तिची ओळख पटते आणि त्या रेणूची आठवण ठेवणाऱ्या पेशी तयार होतात. या टप्प्यात बाहेर काहीच दिसत नाही. तो कोणाच्या बाबतीत दोन आठवड्यांत पूर्ण होतो, तर कोणाला त्यासाठी अनेक वर्षांचा वापर लागतो.

एकदा ही आठवण तयार झाली, की पुढच्या प्रत्येक स्पर्शाला शरीर प्रत्युत्तर देते. मात्र तेही लगेच नव्हे. पुरळ साधारणपणे एक ते तीन दिवसांनी उमटते. शनिवारी लग्नात लावलेल्या अत्तराचा परिणाम सोमवारी दिसतो आणि दोष रविवारच्या जेवणावर जातो. 'इतकी वर्षे वापरले, तेव्हा काही झाले नाही' हा युक्तिवादही म्हणूनच फसवा ठरतो. ही आठवण बहुधा आयुष्यभर टिकते आणि ती पुसून टाकणारे औषध उपलब्ध नाही. त्यामुळे नेमके कोणते द्रव्य टाळायचे हे कळणे, हाच या विकारावरील खरा उपचार होय.

युरोपातील पाहण्यांवरून सर्वसामान्य लोकसंख्येत सुगंधाच्या स्पर्शजन्य अॅलर्जीचे प्रमाण साधारण १ ते ४ टक्के असल्याचा अंदाज केला जातो. स्पर्शजन्य अॅलर्जीच्या कारणांत निकेल या धातूखालोखाल सुगंधी द्रव्यांचे नाव घेतले जाते. अमेरिकेतील कॉन्टॅक्ट डर्मॅटायटिस सोसायटीने २००७ साली 'वर्षातील अॅलर्जीकारक' म्हणून सुगंधी द्रव्यांचीच निवड केली होती.

पुरळ कोठे उठते, यावरूनही बराच बोध होतो. मान, कानामागचा भाग आणि मनगट या अत्तर लावण्याच्या जागा आहेत. काखेच्या मध्यभागी, खोलगट भागात इसब असेल तर डिओडरंटचा संशय घ्यावा; कपड्यातील रंगाची अॅलर्जी बहुधा काखेच्या कडांना दिसते, कारण तेथे कापड घासते. पापण्यांची त्वचा फार पातळ असल्याने हवेत फवारलेल्या स्प्रेचे कणही तिला पुरतात. हातांवरील इसबाचे मूळ भांड्यांच्या साबणात किंवा ब्यूटी पार्लरमधील मसाजच्या तेलात असू शकते. कधी सुगंध दुसऱ्याचाच असतो. पतीच्या आफ्टरशेव्हमुळे पत्नीच्या गालावर किंवा आईच्या परफ्यूममुळे तान्ह्या बाळाच्या गालावर पुरळ आल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहेत.

अपराधी द्रव्ये कोणती?

सुगंध हा एकच पदार्थ नसतो. एका परफ्यूममध्ये डझनावारी, कधी शेकड्यांनी घटक असतात आणि या उद्योगाच्या भात्यात अशी अडीच-तीन हजार द्रव्ये आहेत. त्यांतील नेमके कोणते बाधते हे शोधणे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे होते. १९७७ साली अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लार्सन यांनी त्यावर मार्ग काढला. वारंवार त्रास देणारी द्रव्ये एकत्र करून त्यांनी तपासणीसाठी मिश्रण सुचवले. आज 'फ्रेगरन्स मिक्स १' या नावाने ते जगभर वापरले जाते. त्यात आठ घटक आहेत. दालचिनीतील सिनॅमल व त्याच्याशी संबंधित सिनॅमिल अल्कोहोल, लवंगेतील युजेनॉल व त्याचा भाऊबंद आयसोयुजेनॉल, गुलाबादी फुलांतील जिरॅनिऑल, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल, अमिल सिनॅमल आणि ओकमॉस. यांतील ओकमॉस म्हणजे ओक वृक्षाच्या सालीवर वाढणारे, आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातकुळीतले एक शैवाक.

नवनवी द्रव्ये प्रचारात आल्यावर हे मिश्रण अपुरे पडू लागले. म्हणून २००५ च्या सुमारास 'फ्रेगरन्स मिक्स २' तयार झाले. लायरल, सिट्रल, फार्नेसॉल, कूमॅरिन, सिट्रोनेलॉल व हेक्झिल सिनॅमल हे त्याचे घटक. यांतील सिट्रल आपल्या गवती चहात विपुल असते. या दोन मिश्रणांच्या जोडीला 'बाल्सम ऑफ पेरू' हा वृक्षरसही तपासला जातो. नाव पेरूचे असले, तरी तो प्रामुख्याने एल साल्वाडोर या देशातून येतो. पूर्वी तो पेरूतील बंदरातून युरोपला जाई, म्हणून हे नाव पडले. दालचिनी, लवंग आणि व्हॅनिला यांच्याशी रासायनिक नाते सांगणारे अनेक घटक त्यात असल्याने तो सुगंधाच्या अॅलर्जीचा निदर्शक ठरतो. याच नात्यामुळे त्याची अॅलर्जी असलेल्या काही रुग्णांचा इसब मसालेदार पदार्थांनीही बळावतो.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

वरील यादीतील कित्येक नावे आपल्या स्वयंपाकघरातील आणि बागेतील आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 'कृत्रिम सेंट वाईट, नैसर्गिक अत्तर चांगले' हा समज व्यापक असला, तरी प्रतिकारयंत्रणा रेणूचा आकार पाहते, त्याचे कुळ नव्हे. खानदेशात एके काळी ज्याच्या तेलाचा मोठा व्यापार चाले, त्या रोशा गवताचे उदाहरण घेता येईल. त्याच्या तेलात मुख्यत्वे जिरॅनिऑल असते, म्हणूनच त्याचा वास गुलाबाशी मिळताजुळता असतो. प्रयोगशाळेत बनवलेले जिरॅनिऑल आणि या गवतातील जिरॅनिऑल यांत त्वचेला काहीही फरक करता येत नाही.

काही नैसर्गिक द्रव्ये तर काळानुसार अधिक उपद्रवी होतात. लव्हेंडरमधील लिनालूल आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतील लिमोनीन ही द्रव्ये ताजी व शुद्ध असताना क्षीण अॅलर्जीकारक असतात. हवेशी संपर्क येत राहिला, की त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगे बनतात आणि ती मात्र प्रबळ अॅलर्जीकारक ठरतात. त्यामुळे बूच सैल असलेली, खिडकीत ठेवलेली, वर्षानुवर्षे जपलेली सुगंधी तेलाची बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त धोक्याची असू शकते.

ऊन आणि काळे डाग

बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल कोलोनमध्ये पूर्वापार वापरले जाई. त्यातील बर्गाप्टेन हे सोरालेन वर्गातील द्रव्य त्वचेवर असताना ऊन लागले, तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे तपकिरी डाग राहतात. कोलोनचा ओघळ मानेवरून जसा उतरला, तसाच लांबट डाग उमटत असल्याने या विकाराला लोलक या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून 'बर्लोक' हे नाव मिळाले. आता बहुतेक ठिकाणी बर्गाप्टेन काढून टाकलेले तेल वापरले जाते. मात्र सोरालेन आपल्याकडील बावचीतही असते. पांढऱ्या डागांवर स्वतःच्या मनाने बावचीचे तेल लावून उन्हात बसणाऱ्यांना फोड येतात ते याच कारणाने.

भारतीयांच्या दृष्टीने डागांचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. गव्हाळ व सावळ्या त्वचेत अॅलर्जी कधी कधी खाज किंवा लाली न दाखवता थेट काळपटपणाच्या रूपाने प्रकट होते. चेहऱ्यावर हळूहळू पसरणाऱ्या अशा डागांना 'वांग' समजून आणखी सुवासिक क्रीम चोपडले जाते आणि मूळ कारण वाढतच राहते.

वास, श्वास आणि डोकेदुखी

श्वसनाचा त्रास हा विषय वेगळा आहे. नाकात वास ओळखणाऱ्या चेतांखेरीज झणझणीतपणा ओळखणारी एक स्वतंत्र चेता असते. फोडणीत मिरची करपली, की घरभर ठसका लागतो, तो या चेतेमुळे. त्याला कोणी मिरचीची अॅलर्जी म्हणत नाही. तीव्र परफ्यूमने शिंका येणे, डोळे चुरचुरणे, घशात खवखवणे हे बहुतांशी याच जातीचे असते. दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिका आधीच हुळहुळ्या असल्याने त्यांना एवढे निमित्त झटका येण्यास पुरते. अर्धशिशीच्या अनेक रुग्णांनाही वास सोसवत नाही आणि काहींच्या बाबतीत तो दुखण्याचे निमित्त ठरतो. रक्ताच्या किंवा त्वचेच्या अॅलर्जी तपासणीत या मंडळींमध्ये बहुधा काही सापडत नाही. म्हणून त्यांचा त्रास 'मनाचे खेळ' ठरवला जातो. ते योग्य नव्हे. तपासणी निर्दोष आली म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

उदबत्तीच्या बाबतीत सुगंध आणि धूर यांत गल्लत होते. तैवान व अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार धूपद्रव्य जळताना दर ग्रॅममागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक सूक्ष्म कण हवेत सोडते. सिगारेटसाठी हा आकडा सुमारे १० मिलिग्रॅम आहे. तेव्हा दमेकरी असलेल्या घरात उदबत्तीचा 'ब्रँड' बदलून भागत नाही. वास सौम्य असला, तरी धूर तेवढाच असतो. देवापुढे निरांजन आणि फुले ठेवून बंद खोलीत उदबत्ती न लावणे अधिक श्रेयस्कर.

सुगंध हा आता सार्वजनिक व्यवहाराचाही प्रश्न बनला आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात रुग्णालये, शाळा व कार्यालये यांनी गेल्या शतकाच्या अखेरीपासून सुगंध न लावता येण्याचे आवाहन करण्यास प्रारंभ केला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २००९ साली आपल्या कार्यालयांतील सुगंधी उत्पादनांच्या वापरावर मर्यादा घालणारे धोरण स्वीकारले. वातानुकूलित बंद कार्यालयात किंवा भरगच्च लोकलच्या डब्यात एकाची हौस दुसऱ्याला बाधू शकते, हे भान आपल्याकडेही येण्याची गरज आहे.

निदान पाठीवर होते

स्पर्शजन्य अॅलर्जीचे निदान 'पॅच टेस्ट'ने होते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी १८९५ साली मांडलेली ही पद्धत मूलतः आजही तीच आहे. संशयित द्रव्ये ठरावीक प्रमाणात छोट्या चकत्यांत भरून पाठीवर चिकटवली जातात. ४८ तासांनी चकत्या काढून पहिली नोंद होते आणि पुढील एक-दोन दिवसांनी दुसरी. कधी आठवड्यानेही पाहावे लागते. तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम गाळायचा नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे सोपे नसल्याने शक्यतो हिवाळ्यात चाचणी करून घेणे सोयीचे पडते. भारतातील रुग्णांसाठी तज्ज्ञांनी तयार केलेल्या प्रमाणित संचात सुगंधी मिश्रणाचा समावेश आहे.

रक्तातील 'आयजीई' मोजणाऱ्या महागड्या अॅलर्जी चाचण्या किंवा हातावर सुई टोचून केलेली चाचणी या विकाराचे निदान करू शकत नाही. त्या अॅलर्जीच्या दुसऱ्या प्रकारासाठी आहेत. अशा अहवालांच्या आधारे डझनभर खाद्यपदार्थ सोडून बसलेल्या आणि तरीही इसब कायम असलेल्या रुग्णाने ही बाब आवर्जून ध्यानात घ्यावी. पॅच टेस्टचेही एक न्यून आहे. मिश्रणात नसलेल्या द्रव्याची अॅलर्जी तिच्यातून निसटू शकते. म्हणून स्वतःची नेहमीची प्रसाधने चाचणीच्या वेळी डॉक्टरांकडे घेऊन जावीत.

वेष्टनावरील एक शब्द

अॅलर्जी कळल्यावर खरी अडचण सुरू होते. भारतात मिळणाऱ्या कित्येक प्रसाधनांच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रेगरन्स' एवढाच शब्द असतो. त्या एका शब्दाआड काय दडले आहे हे ग्राहकाला कळत नाही. सुगंधाचे सूत्र हे व्यापारी गुपित मानले जाते.

युरोपीय संघाने या बाबतीत पुढाकार घेतला. २००३ च्या निर्देशाने २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले आणि २००५ पासून त्याची अंमलबजावणी झाली. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन टाकल्या जाणाऱ्या प्रसाधनांत ०.०१ टक्क्याहून अधिक प्रमाण असेल, तर नाव छापावेच लागते. लायरल आणि ओकमॉसमधील दोन प्रबळ अॅलर्जीकारक घटकांवर २०१७ मध्ये बंदी जाहीर होऊन ती २०१९ ते २०२१ या काळात अमलात आली. २०२३ च्या नियमाने नावे छापण्याची यादी ८० हून अधिक द्रव्यांपर्यंत वाढवली. त्यासाठी नव्या उत्पादनांना ३१ जुलै २०२६ ची आणि आधीपासून बाजारात असलेल्यांना ३१ जुलै २०२८ ची मुदत ठरवण्यात आली. अमेरिकेतही २०२२ साली संमत झालेल्या कायद्याने असा नियम तयार करण्याची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनावर टाकली. युरोपात विक्रीसाठी बनलेल्या मालाच्या वेष्टनावर ही नावे वाचता येतात, तेव्हा आपल्या ग्राहकालाही ती वाचायला मिळावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

काय करावे?

१. पुरळ असेपर्यंत सर्व सुगंधी प्रसाधने बंद ठेवावीत. सुधारणा दिसण्यास दोन ते चार आठवडे लागू शकतात; चार दिवसांत धीर सोडू नये.

२. 'अनसेंटेड' आणि 'फ्रेगरन्स-फ्री' हे शब्द समानार्थी नाहीत. वास येऊ नये म्हणून मूळ वास झाकणारे सुगंधी द्रव्य पहिल्या प्रकारात असू शकते. दुसरा शब्द पाहावा, तरीही घटकांची यादी वाचावी.

३. अंगावर ठेवण्याचे नवे क्रीम किंवा तेल प्रथम कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे लावून पाहावे. साबण-शाम्पूसाठी ही पद्धत वापरू नये; त्यांनी नुसताच दाह होतो.

४. दाढी केल्यावर, केस काढल्यावर किंवा त्वचा खरचटलेली असताना तेथे सुगंधी पदार्थ लावू नये.

५. अॅलर्जी नसलेल्यांनीही परफ्यूम त्वचेऐवजी कपड्यावर लावणे चांगले. अॅलर्जी असलेल्यांना मात्र हा उपायही पुरेसा नाही. द्रव्य कापडातून त्वचेपर्यंत पोहोचते.

६. इसबावर डॉक्टर काही दिवसांपुरते स्टेरॉइडयुक्त मलम देतात. स्वतःच्या मनाने ते चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, मुरुमे व लव वाढते आणि मलम सोडणेच अवघड होऊन बसते. खाजेच्या गोळ्यांनी झोप लागते, पण स्पर्शजन्य इसब त्यांनी बरा होत नाही.

७. सुगंधाने दम लागत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे नव्हे, छातीच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे जावे. ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास कोंडणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

सुगंधाचे वावडे असलेल्या माणसाला सणासुदीपासून दूर राहण्याचे कारण नाही. कोणते द्रव्य बाधते हे एकदा निश्चित झाले, की बाकीचे बरेच काही त्याला निर्धास्तपणे वापरता येते. नातलगांनी तेवढे समजून घ्यावे. मंडपाच्या दारात एखाद्या पाहुण्याने मनगट मागे घेतले, तर तो मानपान नाकारतो आहे असे समजून रुसू नये. त्याच्या हातावर नुसते फूल ठेवावे.